चहाचा पुडा आणि उत्पादनाची व्याख्या : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात चहाचा मळा नाही. चहाची जाहीर लिलाव केंद्रे कोलकाता (१८६१), कोची (१९४७), कुन्नूर (१९६३), गुवाहाटी (१९७०), सिलिगुडी (१९७६) अशी देशाच्या पूर्व आणि दक्षिण टोकांना विखुरलेली आहेत. त्यांत महाराष्ट्रातील एकही नाही. असे असूनही महाराष्ट्र हा चहा मिसळण्याच्या आणि पुड्यात भरण्याच्या व्यवसायाचा जुना प्रदेश आहे. मुंबईतील सोसायटी, नाशिककडील सपट आणि जालन्यातील विक्रम ही नावे मराठी घरांत परिचित आहेत. या व्यवसायाकडे आपल्या इतिहासलेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. चहाचा इतिहास म्हणजे आसामच्या मळ्यांचा इतिहास आणि औद्योगिक इतिहास म्हणजे यंत्रांचा व मोटारींचा इतिहास, अशी एक सोयीची विभागणी झाल्याने या दोहोंमध्ये असलेला पुडा दुर्लक्षित राहिला.

प्रस्तुत लेखात चहा मिसळणे आणि भरणे या क्रियेला उत्पादन म्हणावे की नाही, या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. तथापि या एका शब्दावर करआकारणी अवलंबून राहिली, निर्यातदाराची सवलत अवलंबून राहिली आणि पट्ट्यावर उभे राहून पाकिटे भरणाऱ्या कामगाराचा दर्जाही त्यावरच अवलंबून आहे. परकीय नाममुद्रांसाठी माल तयार करणाऱ्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ चहापुरता राहत नाही.

पेटीकडून पुड्याकडे

एकोणिसाव्या शतकात चहा लाकडी पेट्यांतून प्रवास करीत असे. आत धातूच्या पातळ पत्र्याचे अस्तर, बाहेर मळ्याचे नाव आणि किरकोळ दुकानदाराकडे तराजू, असा हा व्यवहार होता. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या चहात दुकानदाराने काय मिसळले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. इंग्लंडमध्ये जॉन हॉर्निमन याने १८२६ च्या सुमारास बंद पुड्यांतून चहा विकण्यास आरंभ केला, तो याच भेसळीच्या भयाचा लाभ घेऊन. पुढे आर्थर ब्रुक याने १८६९ मध्ये मँचेस्टर येथे दुकान उघडले आणि त्यास ‘ब्रुक बाँड’ असे नाव दिले. यातील ‘बाँड’ नावाचा कोणी भागीदार कधीच नव्हता. ते वचन या अर्थी योजलेले होते. पुडा हा आरंभापासूनच चहाइतकाच विश्वासाचा व्यापार होता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

हिंदुस्थानात लिप्टन १८९८ मध्ये आणि ब्रुक बाँड १९०० च्या सुमारास आली. ‘रेड लेबल’ १९०३ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी चहा उपकराचा कायदा झाला आणि त्या निधीतून चहाच्या प्रचाराची मोहीम उभी राहिली. विशेषतः १९३० नंतरच्या मंदीत परदेशी मागणी घटली, तेव्हा ही मोहीम देशी ग्राहकाकडे जोमाने वळली. चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके, देशी भाषांतील फलक, रेल्वे स्थानके आणि गिरण्या ही तिची साधने होती. कामगाराला कामाच्या मध्यास चहा मिळावा हा विचार कामगारकल्याणाच्या भाषेत मांडला गेला, पण त्यामागे न खपलेल्या चहाचा साठा होता हे विसरता येत नाही.

पुण्याच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक वाटते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमधील व्याख्यानानंतर पुण्यातील प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध केली आणि शहरात ग्रामण्य माजले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. त्या वादात चहा कोणत्या प्रतीचा होता याची विचारणा कोणी केली नाही. तो कोणाच्या हातचा होता, एवढाच प्रश्न होता. बंद पुड्याने हा ‘हातचा’ प्रश्न दृष्टीआड केला. यंत्राने भरलेल्या मालाला हात लागलेला नाही ही जाहिरातीतील ग्वाही आरोग्याच्या भाषेत बोलते. आपल्या समाजात तिचा दुसराही अर्थ सहज लावला गेला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. शहरातील अमृततुल्यांत आधण आणि भुकटी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत एकत्र येत, ही त्याच प्रश्नाची दुसरी सोडवणूक म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर काळातील स्वामित्वाचे बदल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. युनिलिव्हरने १९७२ मध्ये लिप्टन आणि १९८४ मध्ये ब्रुक बाँड ताब्यात घेतली. भारतातील या दोन कंपन्या १९९३ मध्ये एकत्र आल्या आणि १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाल्या. उलट दिशेने, टाटा टी कंपनीने २००० मध्ये ब्रिटनमधील टेटली ही कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांस विकत घेतली. युनिलिव्हरने आपला जागतिक चहा व्यवसाय २०२२ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक संस्थेला विकला, मात्र भारतातील व्यवसाय त्यातून वगळला. नाममुद्रेचे मालक याप्रमाणे बदलत गेले, तरी पुडा भरण्याची क्रिया जवळपास तीच राहिली.

मळ्यापासून दूर

साडेचार किलो हिरव्या पानापासून सुमारे एक किलो चहा तयार होतो. पान खुडल्यापासून काही तासांत त्यावर प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे पहिला कारखाना मळ्यातच असावा लागतो. एकदा चहा वाळला की मात्र त्याचे भूगोलाशी नाते सुटते. तो हवेतील ओलावा आणि भोवतालचे वास चटकन शोषून घेतो, म्हणून त्याला चांगल्या वेष्टनाची गरज असते. पण ते वेष्टन कोठेही चढविता येते. आसामचा रंग व कडकपणा, निलगिरीचा सुगंध आणि बारीक भुकटीची झटपट उतरण यांचे प्रमाण त्या त्या प्रदेशातील पाणी, दूध आणि सवय पाहून ठरविले जाते. त्यामुळे मिश्रणाचे काम ग्राहकाच्या किंवा बंदराच्या जवळ करणे फायद्याचे ठरते. दुबईजवळील जेबेल अली येथे लिप्टनचा चहा-पिशव्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला, तेथे चहाचे एकही झाड नाही.

पिंपरी-चिंचवडचा उदय याच तर्काने समजून घेता येतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (१९५४), महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना (१९६२) आणि टेल्को (१९६६) हे टप्पे सर्वपरिचित आहेत. नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तेव्हा कच्चा माल एका टोकाकडून आणून तयार माल दुसऱ्या टोकाने बाहेर पाठविण्याची सोय झाली. चाकणला महापालिकेच्या जकातीची हद्द लागत नव्हती, हेही कारण लहान नव्हे. १९९९ मध्ये तेथे बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना आला. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

मोटारींच्या या झगमगाटात खाद्यपेये आणि वेष्टन यांचा इतिहास झाकोळला आहे. तळेगावजवळील इंदुरी येथे कॅडबरीने १९६४ मध्ये दुग्धोत्पादनाच्या सुधारित पद्धतींसाठी शेतीकेंद्र स्थापिले. पुढे तेथे चॉकलेटचा कारखाना झाला. मावळात कोकोचे पीक नाही, चहाचेही नाही. पेयांसाठी कागदी वेष्टने पुरविणाऱ्या टेट्रा पॅकने आधी टाकवे व नंतर चाकण येथे कारखाना उभारला. ज्या मालाची नाममुद्रा अन्यत्र, कच्चा माल अन्यत्र आणि ग्राहकही अन्यत्र, त्याला या पट्ट्यातून केवळ आकार आणि वेष्टन मिळते. चहाच्या व्यवसायाने जो प्रश्न न्यायालयापुढे नेला, तो म्हणूनच या पट्ट्याचाही प्रश्न आहे.

मिसळणे म्हणजे घडविणे काय?

हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम विक्रीकराच्या निमित्ताने उपस्थित झाला. निलगिरी सिलोन टी सप्लाइंग कंपनी विरुद्ध मुंबई राज्य या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात एक व्यापारी निरनिराळ्या प्रकारचा चहा घाऊक विकत घेऊन, स्वतःच्या सूत्रानुसार मिसळून, पुड्यांतून विकत असे. विकत घेतलेल्या मालावर प्रक्रिया केलेली नसेल तरच १९५३ च्या मुंबई विक्रीकर कायद्याखाली त्यास वजावट मिळणार होती. उच्च न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने कौल दिला. यांत्रिक बळाचा वापर झालेला नाही आणि चहा पूर्वीच्याच स्थितीत राहिला आहे, तेव्हा यास प्रक्रिया म्हणता येत नाही, असे कारण देण्यात आले.

या तर्कातील गृहीतक लक्षणीय आहे. यंत्र असेल तर प्रक्रिया. हात असतील तर काहीच नाही. मिश्रणाचे सूत्र बसविणाऱ्या चहा-परीक्षकाची जीभ आणि ढीग उलथापालथ करणाऱ्या हमालाचे हात, दोन्ही या व्याख्येत नाहीसे झाले. व्यापाऱ्याला त्याचा लाभ झाला ही गोष्ट वेगळी.

सुमारे दोन दशकांनी हा तर्क सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तो गोव्यातील लोहखनिजाच्या प्रकरणात. चौगुले आणि कंपनी विरुद्ध भारत सरकार (१९८१) या खटल्यात मुरगाव बंदरावर निरनिराळ्या प्रतीचे खनिज मिसळण्याच्या क्रियेचा विचार होता. न्यायालयाने सांगितले की मिश्रणाने नवी वस्तू निर्माण होत नाही, म्हणून ते उत्पादन नव्हे. परंतु मिश्रणाने मूळ मालात गुणात्मक बदल होतो, म्हणून ती प्रक्रिया निश्चितच आहे आणि ती हाताने झाली की यंत्राने हे गैरलागू आहे. याच ओघात निलगिरी सिलोन प्रकरणातील मत चुकीचे ठरविण्यात आले. चहाच्या पुड्याचा दर्जा खनिजाच्या ढिगाऱ्यावरून ठरावा, हा आपल्या करविषयक इतिहासातील एक गमतीदार योगायोग होय.

निर्यातीच्या संदर्भात मात्र दृष्टी बदलली. विशेष आर्थिक क्षेत्रांविषयीच्या २००५ च्या कायद्याने ‘उत्पादन’ या शब्दाच्या व्याख्येत मिश्रणाचा स्पष्ट समावेश केला. टाटा टी कंपनीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये चहाचे मिश्रण, वेष्टन व निर्यात करणाऱ्या संपूर्ण निर्यातप्रधान घटकास आयकराची सवलत मान्य केली. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या कायद्यातही २००३ पासून काही वस्तूंबाबत पुन्हा पुड्यात भरणे आणि नावचिठ्ठी लावणे एवढ्यानेही ‘उत्पादन’ झाल्याचे मानले जाऊ लागले. कर वसूल करावयाचा असो वा सवलत द्यावयाची असो, व्याख्या भांडवलाच्या हिशेबाने ताणली किंवा आवळली गेली.

पट्ट्यावरील कामगार

या सर्व वादात १९४८ च्या कारखाना कायद्याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. त्या कायद्याच्या कलम २ (ट) मध्ये ‘उत्पादन प्रक्रिया’ या संज्ञेत वस्तू बनविणे, बदलणे आणि दुरुस्त करणे यांबरोबरच ती वेष्टनात भरणे या क्रियेचाही उल्लेख होता. म्हणजे विक्रीकराच्या दृष्टीने १९५९ मध्ये ज्या कामात काहीच घडत नव्हते, त्याच कामाला त्या आधी अकरा वर्षे कामगारविषयक कायद्याने उत्पादन मानले होते. याच कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली आणि पिंपरी-चिंचवडच्या पाळ्यांत चहाचा पेला हा हक्काचा भाग झाला.

व्याख्येत मिळालेले हे स्थान व्यवहारात मात्र टिकले नाही. या पट्ट्यात वेष्टनाचे काम करणाऱ्यास सर्वसाधारणपणे ‘हेल्पर’ म्हटले जाते आणि त्याची भरती बहुधा ठेकेदारामार्फत होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० ने काम बारमाही आहे काय आणि उद्योगास आवश्यक आहे काय, हे पाहून कंत्राटी पद्धतीवर बंदी घालण्याचा अधिकार शासनास दिला होता. अशी बंदी आल्यास कामगार आपोआप मूळ आस्थापनेत सामावला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात म्हटले. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात ते मत रद्द झाले. चाकणची वाढ प्रामुख्याने या दुसऱ्या निर्णयानंतरची आहे, ही बाब तेथील रोजगाराचे स्वरूप समजून घेताना नजरेआड करता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले. आता प्रश्न ‘मुख्य कार्या’चा आहे : आस्थापनेच्या मुख्य कार्यात, काही अपवाद वगळता, कंत्राटी कामगार नेमता येत नाहीत. येथे जुनाच पेच नव्या रूपाने उभा राहतो. एखाद्या कंपनीकडे मळा नाही, लिलावात माल दलालाने घेतला, भरणे दुसऱ्या कारखान्याकडे सोपविले आणि तिच्याजवळ केवळ नाव राहिले, तर तिचे मुख्य कार्य कोणते? आणि ज्या कारखान्यात केवळ भरण्याचेच काम चालते, तेथे भरणे हे मुख्य कार्य नसेल तर दुसरे काय असू शकेल? भूमी गेलेल्या खेड तालुक्यातील कुटुंबांतील तरुण याच ठेकेदारांच्या हजेरीपटावर आढळतात, तेव्हा हा प्रश्न व्याख्येपुरता राहत नाही.

या विषयाची साधने विखुरलेली असली तरी उपलब्ध होण्यासारखी आहेत. ग्रामपंचायतींच्या कर-नोंदी, कारखाना निरीक्षकांचे अहवाल, पुण्याच्या कामगार न्यायालयातील निवाडे आणि सेवानिवृत्त कामगारांच्या मुलाखती यांतून वेष्टन-कामाचा स्थानिक इतिहास उभा करता येईल. आणखी एक साधन प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. कायद्यानुसार वेष्टनावर उत्पादकाचे वा भरणाऱ्याचे नाव व पत्ता छापावा लागतो. पुड्याच्या मागील बाजूस, वजन व किमतीच्या खाली, बारीक टाइपात तो गट क्रमांकासह दिलेला असतो. जुने पुडे, डबे आणि नावचिठ्ठ्या वर्षानुक्रमे जमविल्यास हे पत्ते महानगरपालिकेच्या हद्दीतून तालुक्याच्या गावांकडे कधी व कसे सरकत गेले, याचा नकाशा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही तयार करता येईल.