‘होल्टर लावला’ : संपादकीय तळटीप

होल्टर : हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद ठेवणारे यंत्र. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचे पहिले यंत्र सुमारे 38 किलोंचे होते, पाठीवर वाहावे लागे. आजचे खिशात मावते.

साध्या ईसीजीत सहसा दहाएक सेकंदांचेच ठोके येतात. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या शिवारात सोयाबीन सोंगताना चक्कर आली आणि दवाखाना गाठेपर्यंत ठोके सुरळीत झाले, तर कागदावर काहीच सापडत नाही. मग छातीला इलेक्ट्रोड चिकटवून 24 ते 48 तास होल्टर लावतात. अंघोळ टाळायची, पण रोजची कामे करायची. चक्कर किंवा धडधड केव्हा झाली ती वेळ मात्र लिहून ठेवायचीच. डॉक्टर ती वेळ आलेखाशी ताडून पाहतात, म्हणून हे टिपण यंत्राइतकेच मोलाचे. ठोक्यांत लांब खंड दिसला तर पेसमेकरचा विचार होतो. एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमित लय, आढळले तर जोखीम पाहून, पक्षाघात टाळण्यासाठी, रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी.

वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024मध्ये मिळाले. त्याआधी शहराला जवळचे होते ते अकोल्याचे.

छातीत कळ येत असेल तर मात्र होल्टरची वाट पाहू नये. 108ला फोन करून आधी ईसीजी काढावा.