गंगेतलं प्रेत आणि सहा कमळं

गढमुक्तेश्वराच्या पुढे गंगेच्या काठाने चाललेल्या एका तिशीतल्या संन्याशाला प्रवाहातून एक प्रेत वाहत येताना दिसलं. त्याच्या झोळीत हठप्रदीपिका, योगबीज अशी काही पुस्तकं होती. नाड्या आणि चक्रं यांची त्यांतली लांबलचक वर्णनं त्याने अनेकदा वाचली होती, आणि शंका दर वेळी वाढतच गेली होती. त्याने पुस्तकं काठावर ठेवली, वस्त्र खोचलं, पाण्यात उतरून प्रेत ओढून बाहेर आणलं. मग एका मोठ्या सुऱ्याने, जमेल तसं, ते चिरायला सुरुवात केली. आधी हृदय काढून पाहिलं, नाभीपासून बरगड्यांपर्यंतचा भाग तपासला, मग डोकं आणि मान. समोर पुस्तकातलं वर्णन उघडं होतं. ताडून पाहिल्यावर दोहोंत काहीच मेळ दिसेना. तेव्हा त्याने पुस्तकं फाडली आणि प्रेताबरोबर तीही गंगेत सोडून दिली.

हा संन्यासी म्हणजे स्वामी दयानंद सरस्वती, आणि हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. आत्मसाधनेच्या वाटेवरचा माणूस ‘चक्रं शरीरात नेमकी कुठे आहेत’ हा प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थेट शरीर उघडतो, अशी इतकी स्पष्ट नोंद माझ्या पाहण्यात दुसरी नाही. म्हणून ती नोंद कशी घडली, हे आधी पाहायला हवं.

दयानंदांचं आत्मचरित्र ‘थिऑसॉफिस्ट’ या मासिकात ऑक्टोबर १८७९, डिसेंबर १८७९ आणि नोव्हेंबर १८८० अशा तीन हप्त्यांत आलं. ते अपुरंच राहिलं. मासिक तेव्हा मुंबईतून निघत होतं आणि संपादक होत्या मादाम ब्लाव्हाट्स्की. स्वामींनी मजकूर हिंदीत सांगितला आणि छापला गेला त्याचा इंग्रजी अनुवाद. म्हणजे घटनेपासून कागदापर्यंत जवळपास पाव शतकाचं अंतर आहे आणि मध्ये एक भाषांतरकारही आहे. शब्दन् शब्द प्रमाण मानावा असा हा कागद नाही. पण कथनाचा एकंदर सांगाडा पक्का आहे, आणि त्याला आधार पुण्याचा आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या आमंत्रणावरून दयानंद १८७५च्या उन्हाळ्यानंतर पुण्यात आले, व्याख्यानं दिली, आणि ती तेव्हाच मराठीत छापली गेली. त्यांतलं ४ ऑगस्ट १८७५चं व्याख्यान आत्मकथनाचं आहे. शिवरात्रीचा प्रसंग, बहिणीचा आणि चुलत्याचा मृत्यू, घर सोडणं, सिद्धपूरची जत्रा, योग्यांचा शोध हा क्रम दोन्हीकडे सारखा येतो. चार-पाच वर्षांच्या अंतराने, वेगळ्या भाषेत, वेगळ्या श्रोत्यांसमोर हा माणूस आपलं आयुष्य त्याच क्रमाने सांगतो.

तारीख ठरवायला एकच खूण आहे. प्रेताच्या प्रसंगानंतर गंगाकाठाने फर्रुखाबाद करून, छावणीच्या पूर्वेच्या रस्त्याने आपण कानपुरात शिरत होतो तेव्हा संवत १९१२ संपलं, असं ते सांगतात. उत्तरेतला चैत्री संवत धरला तर हा १८५६चा वसंत होतो. गुजरातेतला कार्तिकी धरला तर १८५६ची दिवाळी. दयानंद जन्माने काठियावाडचे, पण त्या वेळी वावरत होते उत्तरेत. मला चैत्री गणना अधिक संभवनीय वाटते, कारण प्रवासातली माणसं भोवतालचं पंचांग वापरतात. तसं असेल तर प्रेताचा प्रसंग त्या आधीच्या काही महिन्यांतला, म्हणजे १८५५च्या अखेरीचा किंवा १८५६च्या आरंभाचा.

तोवर शवविच्छेदन हिंदुस्थानात नवं राहिलं नव्हतं. पंडित मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ते १८३६ सालीच केलं होतं, आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५पासून चालू होतं. दयानंदांचा मात्र अशा कुठल्या शाळेशी संबंध नव्हता. त्यांची रीत उलट सुश्रुतसंहितेतल्या रीतीची आठवण करून देते. तिथेही नदी आहे आणि प्रेत आहे: गवतात गुंडाळलेलं शव पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात ठेवायचं, सात रात्रींनी ते मऊ झालं की वाळ्याच्या किंवा सालीच्या कुंच्याने थर थर खरवडत आतलं पाहायचं. इतक्या बारकाईने शरीर पाहणाऱ्या सुश्रुताने १०७ मर्मं मोजली. षट्चक्रांचा आराखडा त्याच्या शारीरस्थानात नाही.

दयानंदांनी कुठे कुठे चिरलं, ते पुन्हा पाहण्यासारखं आहे. नाभीपासून बरगड्या, हृदय, मान, डोकं. ही मणिपूर, अनाहत, विशुद्ध आणि आज्ञा या चक्रांची स्थानं आहेत. सुरी पुस्तकाच्या नकाशाप्रमाणे चालली होती, असा माझा निष्कर्ष आहे. हृदयाजागी बारा पाकळ्यांचं कमळ शोधलं आणि हाती आला मांसाचा गोळा. पोटाच्या आत, जठराच्या पाठीमागे, महाधमनीच्या फांदीभोवती मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं खरं, पण चरबीत लपेटलेले ते बारीक तंतू नदीकाठी मोठ्या सुऱ्याने दिसणं शक्य नव्हतं. दिसले असते तरी त्यांच्या पाकळ्या दहा भरल्या नसत्या.

त्या पाकळ्या मोजायच्या कशा, हे सांगणारा ग्रंथ पाहू. षट्चक्रनिरूपण हे प्रकरण पूर्णानंद यतींच्या श्रीतत्त्वचिंतामणीतलं, शके १४९९ म्हणजे इ.स. १५७७चं. मूलाधाराला ४ पाकळ्या, स्वाधिष्ठानाला ६, मणिपुराला १०, अनाहताला १२, विशुद्धाला १६, आज्ञेला २. बेरीज केली की बरोबर ५० येते, आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर आहे. कंठातल्या सोळा पाकळ्यांवर सोळा स्वर. हृदयाच्या बारांवर क पासून ठ पर्यंतची व्यंजनं. नाभीच्या दहांवर ड पासून फ, त्याखालच्या सहांवर ब पासून ल, तळाच्या चारांवर व, श, ष, स. भुवयांमधल्या दोनांवर ह आणि क्ष. आपण पाटीवर गिरवतो ती मुळाक्षरं इथे कंठापासून खाली ओळीने उतरत जातात आणि शेवटची दोन कपाळावर जाऊन बसतात. ही संख्या वर्णमालेतून आली आहे. साधकाने डोळे मिटून एकेक अक्षर एकेका जागी मनाने ठेवावं, त्या जागेचं तत्त्व, देवता आणि बीजमंत्र उभे करावेत, आणि मग ते सगळं क्रमाक्रमाने वरच्यात विलीन करत न्यावं, यासाठी हा आराखडा आहे. शरीर इथे आधार आहे. जे तिथे सापडायचं ते साधकाने आधी तिथे बसवायचं असतं.

शिवाय सहा ही संख्याही सगळ्यांची एक नव्हती. नाथपंथातल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत चक्रं नऊ आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचं जे अद्भुत वर्णन शके १२१२मध्ये मराठीत आलं, तेही ज्ञानदेव नाथांच्या संकेताशीच जोडतात. त्या ओव्या वाचताना शरीर आतून बदलत जातं आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तिथला भर सगळा अनुभवाच्या क्रमावर आहे. आजच्या शिबिरांत भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात इंद्रधनुष्याचे सात रंग खालून वर लावलेले असतात, तेही पूर्णानंदांचे नव्हेत. त्यांच्याकडे नाभीचं कमळ पावसाळी ढगासारखं काळसर आहे आणि हृदयाचं लाल. तक्त्यात तीच पिवळं आणि हिरवं झालेली असतात. अशा शिबिरांत मनापासून बसणाऱ्यांना हे कळायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. तक्ता विसाव्या शतकातला आहे म्हणून त्यांना लाभणारी शांतता खोटी ठरत नाही, पण ती कुणाच्या शोधावर उभी आहे हे जाणण्याचा त्यांना अधिकार आहे.

मग दयानंदांनी चक्रांचा विचार पूर्ण सोडला का? गंगाकाठच्या प्रसंगातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की वेद, उपनिषदं, पातंजल आणि सांख्य एवढे सोडून योगावरचे बाकी ग्रंथ खोटे आहेत. यातलं पातंजल महत्त्वाचं आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात नाभिचक्र आहे, आणि धारणेची व्याख्या समजावताना व्यासभाष्य नाभिचक्र, हृदयकमळ, मस्तकातली ज्योती, नाकाचं टोक, जिभेचं टोक अशी स्थानं मोजतं. दयानंदांनी हे ठेवलं. सत्यार्थप्रकाशाच्या सातव्या समुल्लासात उपासनेची रीत सांगताना ते नाभी, हृदय, कंठ, डोळे, शेंडीची जागा किंवा पाठीच्या मधलं हाड यांपैकी कुठेतरी मन स्थिर करायला सांगतात. प्रेतात जिथे जिथे सुरी घातली, जवळपास त्याच जागा. फरक एवढाच की तिथे कमळ आहे असं ते म्हणत नाहीत. मन टेकवायला ही जागा चांगली, एवढंच म्हणतात. त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनीही फाडलेल्या पुस्तकांचीच गोष्ट पुढे नेली. या ओळीकडे कमी जणांचं लक्ष गेलं.

दयानंद आणि थिऑसॉफिस्ट मंडळींचं १८८२मध्ये फाटलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मासिकाचं बिऱ्हाडही मुंबईहून अड्यारला गेलं. तिथून निघालेल्या मार्च १८८८च्या अंकात तंत्रग्रंथांतल्या शरीररचनेवर एक लेख आहे, बामनदास बसूंचा. पुढे हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये मेजर झाले. त्यांच्या मते चक्रं म्हणजे मज्जातंतूंची जाळी, आणि ती प्राचीनांना ठाऊक होती. ज्या मासिकाने आठेक वर्षांपूर्वी ‘मेळ नाही’ असं छापलं, त्यातच आता ‘पूर्ण मेळ आहे’ असं छापून आलं. उत्तरं उलटी असली तरी दोघांनी धरलेलं गृहीत एकच आहे: चक्र खरं असेल तर ते प्रेतातही दिसलं पाहिजे.

हेच गृहीत मुंबईत डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी टोकाला नेलं. बॉम्बे मेडिकल युनियनच्या बैठकीत एका योग्याने नाडी आणि हृदयाचे ठोके थांबवून दाखवले होते. त्याचा उलगडा करण्यासाठी रेळ्यांनी १९२६मध्ये निबंध वाचला, आणि १९२७मध्ये तारापोरवालांनी त्याचं ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ हे पुस्तक काढलं. कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस, हा त्यांचा सिद्धांत. मेंदूतून निघून मानेतून, छातीतून पोटापर्यंत उतरणारी ही नस हृदयाची गती मंद करते, म्हणून ती ताब्यात आली की योग्याला सगळं साधतं, असं त्यांचं म्हणणं.

ठोके थांबवण्याच्या दाव्याची नीट तपासणी पुढे झाली. वेंगर, बागची आणि आनंद यांनी अशा साधकांच्या हृदयाचे विद्युत आलेख घेतले. त्यांचा निबंध १९६१मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आला. श्वास कोंडून, कंठ मिटून, छाती आणि पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटाची नाडी लागेनाशी होते आणि स्टेथोस्कोपमध्येही आवाज येत नाही. आलेखात मात्र हृदय चालूच असतं. शरीरावरचा हा ताबा कमावलेला आणि विलक्षण आहे. त्याला कुंडलिनीचा पुरावा म्हणता येत नाही.

रेळे लिहीत होते त्याच काळात लोणावळ्याला कुवलयानंद वेगळ्या शिस्तीने काम करत होते. १९२४मध्ये कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ निघू लागलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यात काय होतं, हे त्यांनी बेरियम आणि क्ष-किरण वापरून पाहिलं, आतला दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दाखवलं. बस्तीत, म्हणजे गुदमार्गाने पाणी ओढून आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी वर का चढतं याचं उत्तर त्यातून मिळालं. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. मोजता येईल तेवढंच मोजायचं आणि मोजलं तेवढ्याबद्दलच बोलायचं, ही त्यांची रीत मला या साऱ्या कागदांत सर्वांत जपण्याजोगी वाटते.

रेळ्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना सर जॉन वुड्रॉफ यांची आहे. कलकत्ता हायकोर्टाचे हे न्यायाधीश. षट्चक्रनिरूपणाचं इंग्रजी भाषांतर ‘द सर्पंट पॉवर’ म्हणून १९१९मध्ये त्यांनीच आर्थर ॲव्हलॉन या नावाने प्रसिद्ध केलं होतं. प्रस्तावनेत ते रेळ्यांच्या परिश्रमांचं कौतुक करतात आणि मग स्पष्ट सांगतात की त्यांच्या मते कुंडलिनी ही नस नाही. ती कुठला भौतिक पदार्थ नाही आणि मनाची एखादी शक्तीही नाही. देह आणि मन दोन्ही जिच्यातून होतात ते ती मूळद्रव्य आहे. पुस्तकाचा मुख्य सिद्धांत पहिल्या पानांतच नाकारणारी ही प्रस्तावना रेळ्यांनी जशीच्या तशी छापली, आणि पुढच्या आवृत्त्यांतूनही काढली नाही.