॥धृ॥ आणि क्रियापद

इंग्रजीच्या तासाला ‘व्हर्ब म्हणजे क्रियापद’ असे फळ्यावर उमटते आणि पुढच्या तासाला संगीताच्या बाई ‘आता पद बसवू या’ म्हणतात. दोन्हीकडचे पद एकच. पाणिनीच्या लेखी प्रत्यय लागून वाक्यात बसायला सिद्ध झालेले रूप म्हणजे पद. ‘राम’ हे प्रातिपदिक, ‘रामः’ हे पद. गाण्यात मात्र अख्खी रचनाच पद झाली. १८८० साली किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यातली गाणी ही पदेच.

एका शब्दापासून गाण्यापर्यंतची ही वाढ ‘पाद’मार्गे झाली असावी. पाद म्हणजे पाय. चार पायांपैकी एक म्हणून चौथा हिस्सा, म्हणूनच श्लोकाचा एक चरण. हाच पाद झिजून आपला ‘पाव’ झाला आणि जुन्या शाळांतून ‘पावकी’ घोकली गेली. तिच्या शेजारच्या ‘निमकी’त अर्धा या अर्थाचा फारसी ‘नीम’ दिसतो. फारसीत पायाला ‘पा’ किंवा ‘पाय’च म्हणतात, त्यावरून पायजमा, म्हणजे पायाचा जामा. इंग्रजी ‘फूट’ही याच कुळातला: पितृ आणि फादर यांच्यात प-फचे जे नाते, तेच इथे. इंग्रजी छंदात अक्षरगटालाही फूट म्हणतात, हे तर विशेषच!

गाण्याच्या वहीत पहिल्या ओळीपुढे ॥धृ॥ लिहायची आपली रीत. मूळ शब्द ध्रुवपद, म्हणजे न हलणारे पद. तेव्हा ‘ध्रु’ हवे, आणि तुकोबांच्या छापील गाथेत ते तसे आढळतेही. ‘धृ’ मागाहून रूढ झाला असावा. पण धृ म्हणजे धारण करणे, आणि ध्रुवपद गाणे धरून ठेवते. त्यामुळे ही चूक मला फार आवडते. इंग्रजी ‘रिफ्रेन’ नेमके उलट सांगतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला मोडण्याचा धातू आहे. ओळींचा ओघ मध्येच तोडून जे परत येते ते रिफ्रेन, असा विचार त्यामागे असावा.

ध्रुवपदानंतर कडवे. हे अपभ्रंशातल्या ‘कडवका’चे वंशज दिसते. दहाव्या शतकात पुष्पदंताने राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात महापुराण रचले, त्याची बांधणी कडवकांचीच. कडव्याला इंग्रजीत ‘स्टँझा’ म्हणतात. तो इटालियनमधून आला. तिकडे त्याचा अर्थ खोली, थांबायची जागा. त्याच्याही मागे लॅटिन ‘स्तारे’, उभे राहणे. म्हणजे आपला ‘स्था’!

आणि स्था म्हटले की ‘स्थायी’, म्हणजे बंदिशीचा पहिला, फिरून फिरून येणारा भाग. आपले गवई मात्र ‘अस्ताई’ म्हणतात. कुणी ती शुद्ध करायला जाऊन ‘अस्थायी’ लिहिले की अर्थ उलटा होतो. हा ‘अ’ नकाराचा नव्हे. आरंभीचे जोडाक्षर सोपे करायला उत्तरेकडे पुढे स्वर लावतात: स्कूलचे इस्कूल, स्नानाचे अस्नान. उस्तादांच्या तालमीतून तो स्वर इकडे आला असावा. लॅटिन ‘स्ताबुलुम’ला अरबीतही असाच स्वर चिकटला, आणि फारसीच्या वाटेने हिंदीत ‘अस्तबल’ आला. या स्ताबुलुमच्या मुळाशीही तोच उभे राहण्याचा धातू. तेव्हा अस्ताई, स्टँझा आणि घोड्यांचा अस्तबल ही सख्खी नसली तरी चुलतभावंडे खचितच.