पाटी, पोथी आणि नऊ बहिणी

दसऱ्याला ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या अनेक घरांत आणि शाळांत मुले पाटीवर १ च्या आकड्यांची नक्षी काढतात. तिलाच ‘सरस्वती’ म्हणतात. वीणा नाही, मोर नाही, चेहराही नाही. मग ‘सरस्वतीच्या हातात काय असते?’ या प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर कसे धरायचे?

ग्रीकांकडे या खात्याच्या देवता नऊ. त्या म्यूझ, झ्यूस आणि नेमोसिनी (म्हणजे स्मृती) यांच्या मुली. हेसिअड या कवीने इ. स. पू. ७०० च्या सुमारास त्यांची नावे दिली, पण कोणीकडे काय सोपवले ते सांगितले नाही. हे खातेवाटप पुढे रोमन काळापर्यंत हळूहळू ठरत गेले, आणि खाते ठरले तशी हातातली वस्तू ठरली. थालियाकडे सुखात्मिका, म्हणून हसरा मुखवटा. मेल्पोमिनीकडे शोकात्मिका, म्हणून रडवा. युरेनियाकडे खगोल, म्हणून हाती गोल. (विज्ञानापैकी जागा मिळाली ती एवढीच, रसायनवाल्यांना वाली नाही!) क्लिओच्या हाती इतिहासाची गुंडाळी आणि कॅलिओपीच्या हाती पाटी असते, पण काही शिल्पांत नेमके उलटही दिसते.

ही पाटी शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून सांगावी. लाकडाच्या फळीत उथळ खळगा करून त्यात मेण ओतत. टोकदार कांडीने लिहायचे आणि कांडीच्या चपट्या टोकाने मेण सपाट करून पुसायचे. चूक करून ती सुधारता येईल असे हे साधन. आपल्या दगडी पाटीचाही गुण तोच.

आता सरस्वती. ऋग्वेदात ती नदी आहे आणि देवताही. तारीख कोरलेली तिची सर्वांत जुनी ज्ञात मूर्ती मथुरेच्या कंकाली टिळ्यावर सापडली. ती जैन असून इ. स. १३२ ची मानली जाते. तिचे मस्तक तुटले आहे, पण डाव्या हातात पोथी स्पष्ट दिसते. वीणा मात्र नाही. ती दान देणारा गोव हा लोहार होता, असे तिच्यावरच्या लेखात आहे. विद्यादेवीची ही मूर्ती घडली ती एका कारागिराच्या पैशातून, ही गोष्ट आम्हांला वीणेपेक्षा महत्त्वाची वाटते.

आपल्याकडेही असे दाते होते. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचा लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचे नाव ‘कॅलिएना’ असे येते. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही त्यात आहे. कॅलिओपीतला ‘सुंदर’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि आपला ‘कल्याण’ यांचे मूळ काही भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. अडवलेल्या त्या जहाजांवरच्या हिशेबनिसांजवळही मेणाच्या पाट्या असाव्यात, असे आम्हांला वाटते.