इंधनबचतीचे वाहनचालन : ठाणे, कल्याण-डोंबिवली

इंधनबचतीचे वाहनचालन : त्याच मोटारीने, त्याच रस्त्यावर, कमी इंधनात अंतर कापण्याची पद्धत. ॲक्सिलरेटर, गिअर व ब्रेक यांचा वापर, टायरमधील हवा, गाडीतील वजन आणि निघण्याची वेळ हे सर्व तिच्यात येते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात इंधन वाया जाते ते मुख्यतः थांबत-थांबत चालण्यामुळे; भरधाव वेगाचा वाटा तुलनेने कमी. म्हणून महामार्गासाठीचे सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कारणे : प्रवाशांसह ११०० किलो वजनाची गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी ४० किमी वेगावर आणायला साधारण ८ ते १० मिलिलिटर पेट्रोल लागते. पुढच्या गाडीमागे ब्रेक मारला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. असे शंभर वेळा झाले की जवळजवळ एक लिटर पेट्रोल संपते. वेग ताशी ६० किमीपर्यंत नेऊन ब्रेक मारल्यास हाच खर्च सव्वादोन पट होतो. उभ्या गाडीचे चालू इंजिनही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पिते. एसी लावलेला असल्यास त्याहून अधिक. घोडबंदर रस्ता, माजिवडा नाका, कल्याण-शिळ रस्ता, कल्याणचा दुर्गाडी परिसर या ठिकाणी गर्दीच्या वेळी दोन्ही प्रकारचा खर्च एकदम होतो.

गर्दीतील सवयी : पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे नजर ठेवून अंतर राखणे ही सर्वांत लाभदायक सवय. पुढे लाल दिवा किंवा ब्रेकलाइट दिसताच पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच मंद होऊ द्यावी. मोकळे अंतर दिसले की रेस देऊन ते भरून काढणे आणि लगेच ब्रेक मारणे यात वेळ वाचत नाही, फक्त इंधन जाते. अंतर ठेवले की मध्ये रिक्षा घुसते ही तक्रार खरी आहे. पण एक रिक्षा पुढे गेल्याने होणारा उशीर काही सेकंदांचा असतो. हाफ क्लचवर गाडी सरकवत राहिल्याने क्लच प्लेट झिजते. रांग दोन गाड्यांइतकी पुढे गेल्यावर एकदाच पहिला गिअर टाकावा. रेल्वे फाटकासारख्या ठिकाणी किंवा लांब सिग्नलला इंजिन बंद करणे फायद्याचे, कारण पुन्हा सुरू करायला साधारण दहा सेकंदांच्या आयडलिंगइतकेच इंधन लागते. रांग सरकत असेल तर मात्र इंजिन चालूच ठेवावे.

उतार व न्यूट्रल : गायमुखच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांवर अनेक चालक घडले, त्यांच्याकडून ती पुढच्या पिढीत आली. इंजेक्शन प्रणालीच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन बंद करतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय न्यूट्रलवर इंजिनाचा रोध मिळत नाही व सगळा भार ब्रेकवर पडतो. घाटात ही सवय महागही आहे आणि धोक्याचीही.

वेग : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने ताशी ४५ ते ५५ किमी हा वेग किफायतशीर म्हणून सुचवला आहे. शहरी पट्ट्यात एवढा वेग सलग क्वचितच मिळतो. भिवंडी-शहापूरच्या पुढे नाशिक महामार्गावर मात्र वेगावरचा ताबा थेट पैशांत दिसतो.

हवा व वजन : टायरमधील हवा चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. ती सकाळी, टायर थंड असताना तपासावी; गाडी चालून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो. रिकामा रूफ कॅरिअर आणि डिकीतले विनाकारण पडून असलेले सामान काढून टाकावे.

मोजमाप : टाकी फुल करून किलोमीटरचा आकडा लिहावा आणि पुढच्या वेळी पंपाच्या नळीचा पहिला कट होईपर्यंत भरावे. चाललेल्या अंतराला भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज मिळते. सीएनजी किलोवर विकला जातो. पंपावरचा दाब कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही, म्हणून चार-पाच भरण्यांची सरासरी काढावी. किलोचा आकडा लिटरच्या आकड्याशी ताडू नये. एक किलो सीएनजीत सुमारे १.४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी असते, त्यामुळे जुन्या नोंदींशी तुलना करताना तो फरक धरावा. कंपनीने जाहीर केलेला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेला असतो; शिळफाट्याच्या रांगेत तो मिळण्याची अपेक्षा नसावी.

मर्यादा : रस्ताच अडला तर कौशल्य थोडेच उरते. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला व नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता. त्या काळात वळसा आणि कोंडी कोणालाच चुकली नाही. चालकाच्या हाती राहते ती निघण्याची वेळ. या परिसरात तिचा क्रम पहिला, गाड्यांमधील अंतराचा दुसरा आणि टायरमधील हवेचा तिसरा. तिन्हींसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.