नारायणगुड्यातील एक शाळा आणि कर्व्यांचे विद्यापीठ

हैदराबादेत काचीगुडा स्थानकावर उतरून थोडे पुढे गेले की नारायणगुडा लागतो. नांदेड, परभणी, बिदर या भागांतील मराठी माणसाला ही वस्ती अपरिचित नाही. दवाखान्यासाठी, न्यायालयीन कामासाठी अथवा मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी कधी ना कधी तो येथून गेलेला असतो. परंतु आपल्या भाषिक इतिहासाचा एक महत्त्वाचा कागद या वस्तीत जपलेला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. माडपाटी हनुमंतराव यांच्या नावाने चालणारी मुलींची शाळा हा तो कागद होय. शाळा तेलुगू, संस्थापक तेलुगू, विद्यार्थिनी तेलुगू. तरीही तिचा इतिहास पुण्याच्या महर्षी कर्व्यांना वगळून सांगता येत नाही. त्या इतिहासाच्या आरंभी आपल्या मराठी मंडळींचे एक वर्तन आहे. ते सांगताना मान थोडी खाली घालावी लागते.

प्रथम त्या काळची परिस्थिती. निजामाच्या संस्थानात तेलुगू भाषकांची संख्या जवळजवळ निम्मी, मराठी भाषकांची साधारण चतुर्थांश आणि त्याखालोखाल कन्नड भाषक. उर्दू ही घरची भाषा असणारे लोक त्या मानाने अल्पसंख्य होते. पण दरबार, कचेरी, न्यायालय आणि वरच्या वर्गांतील शिक्षण या सर्वांची भाषा उर्दू होती. परभणीच्या किंवा भालकीच्या शेतकऱ्याच्या मुलाने प्राथमिक शाळा ओलांडली की भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, इतिहासही उर्दूत. त्याशिवाय इंग्रजी होतीच. म्हणजे एक परकी भाषा शिकायची ती दुसऱ्या परक्या भाषेच्या पाठीवर बसून. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. म्हणूनच विवेकवर्धिनी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी ही नावे आपल्याकडे आजही आदराने घेतली जातात.

मात्र उस्मानिया विद्यापीठाची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९१७ साली त्याचा फर्मान निघाला आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. हिंदुस्थानातील इतर विद्यापीठे इंग्रजीतून शिकवीत असता येथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवण्याचा निर्धार करण्यात आला. त्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग स्थापन झाला आणि औरंगाबादेशी निकटचा संबंध असलेले मौलवी अब्दुल हक यांनी त्याची प्रारंभीची धुरा वाहिली. पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ भाषांतरित झाले, परिभाषा घडवली गेली. इंग्रजी मात्र सक्तीचा विषय म्हणून राहिली. ज्ञान देशी भाषेतून घ्यावे आणि परकी भाषा ही भाषा म्हणून शिकावी, हे तत्त्व एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणण्याचे धाडस आपल्या देशात प्रथम येथे झाले, असे माझे मत आहे. दोष तत्त्वाचा नव्हता. ‘देशी भाषा’ या शब्दाचा अर्थ एकच भाषा असा लावला गेला, हा दोष होता. संस्थानातील बहुसंख्य प्रजेला ती ‘देशी’ भाषाही परकीच होती.

आता १९२१ च्या नोव्हेंबर महिन्याकडे वळू. हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या आवारात संस्थानातील सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. विवेकवर्धिनी ही केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मराठी पुढाऱ्यांनी उभी केलेली संस्था, त्यामुळे सभागृहात मराठी मंडळींचा भरणा होता. उर्दू, इंग्रजी, मराठी अशा भाषांतून भाषणे चालली होती. वकील अलमपल्ली वेंकटरामाराव बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत सुरुवात केली. त्याबरोबर सभागृहात गलका झाला, टवाळी झाली, टाळ्या पिटून त्यांना बोलणे अशक्य करण्यात आले. सुधारणेसाठी जमलेल्या सभेत, संस्थानातील सर्वांत मोठ्या भाषेची ही संभावना! आणि ती दरबाराने केली नव्हती. मराठी शाळेच्या आवारात आपल्याच लोकांच्या पुढाकाराने झाली होती.

त्याच रात्री दुखावलेले काही तेलुगू गृहस्थ टेकुमल्ला रंगाराव यांच्या घरी जमले आणि आंध्र जन संघाची स्थापना झाली. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली. तेलंगणातील जनजागृतीचा इतिहास लिहिणारा प्रत्येक लेखक या रात्रीपासून आरंभ करतो. आपल्याकडील हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत हा प्रसंग आला तर एखाद्या वाक्यात येतो. संघाच्या प्रारंभीच्या मंडळींत बुरगुल रामकृष्णराव होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या माणसाला मराठी चांगली समजत होती. त्यांच्याबरोबर होते माडपाटी हनुमंतराव.

माडपाटी हा माणूस मुळातून समजून घेण्यासारखा आहे. जन्म १८८५ चा, कृष्णा जिल्ह्यातला. पेशाने वकील. उर्दूवर असे प्रभुत्व की उर्दू वृत्तपत्रातून लेखन आणि संपादन केले. प्रेमचंदांच्या कथा तेलुगूत आणल्या. म्हणजे सरकारी भाषा येत नाही म्हणून मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्यांपैकी ते नव्हते. उर्दू उत्तम येत असूनही, तेलुगू मुलीने तेलुगूतूनच शिकावे असे त्यांचे म्हणणे होते. नारायणगुड्यातील मुलींची शाळा ही १९२८ ची, त्यांच्याच प्रयत्नांची. पण शाळा काढल्यावर प्रश्न उभा राहिला की या मुली मॅट्रिकच्या परीक्षेला बसणार कोणत्या विद्यापीठाच्या? उस्मानियाच्या चौकटीत तेलुगू माध्यमाला जागा नव्हती.

मार्ग निघाला तो पुण्यात. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले होते. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून त्यांना ही कल्पना स्फुरली, हे सर्वश्रुत आहे. या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. ‘मातृभाषा’ म्हणजे मराठीच, असे कर्व्यांनी म्हटले नव्हते, आणि सगळा मुद्दा येथेच आहे. त्यामुळे पुण्याच्या विद्यापीठाला हैदराबादेतील तेलुगू शाळा संलग्न करून घेता आली. ज्या सभेत तेलुगूचा अवमान झाला त्या सभेचे अध्यक्ष कर्वे. आणि त्या अवमानातून उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याच्या शाळेला आधार देणारे विद्यापीठही कर्व्यांचेच. हनुमंतरावांनी जुना सल मनात धरला असता तर पुण्याला ते गेलेच नसते.

त्या मुलींनी पत्करलेला धोका मात्र विसरू नये. कर्व्यांच्या विद्यापीठाला त्या काळी कायद्याची मान्यता नव्हती, त्याच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीचे दार उघडेलच अशी खात्री नव्हती. ती वैधानिक मान्यता मिळाली १९५१ साली. योगायोग असा की त्याच वर्षी माडपाटी हनुमंतराव हैदराबादचे महापौर झाले.

याच नारायणगुड्यात शिक्षणाची आणखी एक परंपरा येऊन मिळते. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, ज्यांचा उल्लेख वर आला, १९३२ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली केशव स्मारक शिक्षणसंस्था येथे उभी राहिली. केशवराव आर्य समाजाचे. त्यांचे पुत्र विनायकराव कांगडीच्या गुरुकुलात शिकले. ‘विद्यालंकार’ ही तेथील पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. हरिद्वारजवळचे ते गुरुकुल हिंदीतून शिकवीत असे, आधुनिक शास्त्रेसुद्धा. तेथून बाहेर पडलेला हा मराठी मुलगा पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला आणि १९५२ नंतर बुरगुल रामकृष्णरावांच्या मंत्रिमंडळात बसला. लहानपणापासून इंग्रजी माध्यमात घातले नाही तर मुलाचे इंग्रजी कच्चे राहते, असे जे पालक मला आज ठामपणे सांगतात, त्यांच्यापुढे मी विनायकरावांचे उदाहरण ठेवतो. ते थोडे विचारात पडतात, एवढे खरे. मुलाचे नाव इंग्रजी शाळेतून काढत नाहीत.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काही टाकले पाहिजे. उर्दूची सक्ती अन्यायाची होती, पण त्या पिढीने उर्दू आत्मसात केली ती पूर्णपणे. सेतुमाधवराव पगडी हे त्याचे ठळक उदाहरण. संस्थानच्या नोकरीत राहून त्यांनी फार्सी-उर्दू साधने मराठी इतिहासलेखनात आणली, उर्दू काव्याचा मराठी वाचकाला परिचय करून दिला. आणि आदिवासी भागात काम करताना गोंडी, कोलामीही शिकले. दरबारी भाषा पोटासाठी शिकता येते. कोलामी शिकण्यासाठी मात्र माणसाविषयी आस्था लागते. आमच्या न्यायालयात आज जमिनीचा जुना दावा उभा राहिला, मुंतखब किंवा इनामाचा कागद पुढे आला, की आम्ही वकील एकमेकांची तोंडे पाहतो आणि उर्दू वाचणाऱ्या वृद्धाचा पत्ता शोधू लागतो. माझ्या ज्येष्ठांना ते कागद वर्तमानपत्रासारखे वाचता येत. १९४८ नंतर उस्मानियाने माध्यम बदलले, पण देशी भाषांची पाळी आली नाही. उर्दूच्या जागी इंग्रजी आली. तेलुगू, मराठी, कन्नड जेथे होत्या तेथेच राहिल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर, भालकी, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आदिलाबाद आंध्रात. तेव्हापासून आपण राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाकडे बोट दाखवीत आलो आहोत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे तो राज्यांना सांगतो, आणि आपले बोट दाखवणे योग्यच आहे. पण २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, निवड पालकांची, असा निर्णय दिला. त्यानंतर सीमाभागातील मराठी शाळा ओस पडण्याची सगळी जबाबदारी बंगळूरवर टाकणे मला वकील म्हणून अवघड जाते. निवडीचा अधिकार आपल्या हाती आला आणि आपण काय निवडले ते गावोगावच्या पिवळ्या बसगाड्या सांगत आहेत.

काही महिन्यांपूर्वी मराठी शाळांसंबंधीच्या एका निवेदनाचा मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात ‘आमची मुले कन्नड शिकणार नाहीत’ असे वाक्य होते. ते खोडून मी ‘आमची मुले कन्नड भाषा शिकतील, परंतु गणित आणि शास्त्र मराठीतून शिकतील’ असे लिहिले. मंडळींपैकी दोघांना हा बदल पटला नाही. ही माघार आहे असे ते म्हणाले. मी त्यांना नारायणगुड्यातील शाळेची हकीकत सांगितली, अलमपल्लींच्या भाषणासह. एकाने सही केली. दुसऱ्याने विचार करण्यास आठ दिवस मागून घेतले आहेत.