मिश्रीची डबी आणि सूक्ष्मदर्शक

कृष्णाकांठच्या सातारा-सांगलीकडे पुरुषांच्या कमरेला चंची आणि बायकांच्या हाताशीं मिश्रीची डबी, हें चित्र पिढ्यान् पिढ्या परिचयाचें होतें. भाजलेल्या तंबाखूची ही मिश्री दांत घासण्याच्या निमित्तानें घरांत शिरते आणि पुढें व्यसन होऊन बसते. ती डबी आजहि कित्येक घरांतून गेलेली नाहीं. म्हणूनच तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनाचा इतिहास आपल्या घरचाच इतिहास होय.

१९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहून ते थांबले नाहींत. रोगी काय चघळतो, काय ओढतो, हेंहि त्यांनीं विचारलें. पुढें त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनीं पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासण्याची विद्या येथें रुजविली.

त्या बीजाचा विस्तार २०१३ सालीं दिसला. भारतीय संशोधकांनीं गाल व हिरडी यांच्या कर्करोगांतील जनुकांचे बिघाड नोंदले. पेशीच्या वाढीला लगाम घालणारें टीपी-५३ आणि बिघडलेल्या पेशीस मरणाकडे नेणारें कॅस्प-८, हीं दोन्ही त्यांत होतीं. लगाम सुटला, मरणहि टळलें, कीं पेशी माजते.

परंतु कोणती पेशी मानेंतील गांठींपर्यंत गुपचूप जाईल, हें कसें ओळखावें? टाटा रुग्णालयानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, आरंभींच्या अवस्थेंतील ज्या रोग्यांच्या मानेच्या गांठी पहिल्या शस्त्रक्रियेंतच काढल्या, त्यांपैकीं तीन वर्षांनीं ८० टक्के जिवंत होते. गांठ दिसेपर्यंत ज्यांच्या बाबतींत थांबले, त्यांपैकीं ६७.५ टक्के. मात्र पहिल्या गटांतील पुष्कळांच्या मानेंत रोग पोंचलाच नव्हता. त्यांना त्या कापाकापींतून वांचवील, अशी खात्रीची खूण पेशींतून शोधणें, हें आजच्या संशोधनाचें एक मोठें ध्येय आहे.

ती खूण सांपडेल तेव्हां सांपडो. तोंवर गालांतला पांढरा वा तांबडा चट्टा, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आरशांत पाहतां येते. ती दिसतांच मिरज वा कराड गांठावें. आणि मिश्रीची डबी त्याहि आधीं घराबाहेर टाकावी.